पुराणिक बाईंच्या पाच कातिणी

अमरावतीच्या साईनगरात पुराणिकांकडे अंडी खातात, ही बातमी पसरली तेव्हा सगळ्यात जास्त करमणूक झाली ती खुद्द पुराणिक वकिलांची. ज्या घरात तीन पिढ्या पोथी सांगितली गेली, चातुर्मासात ज्या घरात कांदासुद्धा उंबऱ्याबाहेर थांबायचा, त्या घरी अंड्यांचे रिकामे ट्रे येतात, तेही थप्पीच्या थप्पी, हे शेजारणींनी डोळ्यांनी पाहिलं होतं. आणि पाहिलं ते खोटं नव्हतं. ट्रे येत होते, फक्त अंडी येत नव्हती. त्या ट्रेच्या खळग्यांमध्ये चारुशीलाबाई झुरळं वाढवत होत्या.

"सांगून टाकू का सगळ्यांना खरं काय ते?" बाईंनी नवऱ्याला विचारलं.

"बिलकुल नाही," रविकांतराव म्हणाले. जन्मभर कोर्टात शेतकरी पक्षकारांशी बोलून बोलून त्यांची बोली पक्की वऱ्हाडी झाली होती आणि घरीही ती सुटत नसे. "अंडी खाते म्हटलं तं लोक तोंड फिरवतीन. झुरळं पाळते म्हटलं तं गल्ली सोडून जातीन. अंडीच बरी आपली."

झुरळं होती कातिणींसाठी. कातीण म्हणजे माळ्यावर जाळं विणत बसणारी ती काडीपैलवान नव्हे. टॅरँट्युला. तळहाताएवढी, केसाळ, जड पावलांची. मुलींच्या शाळेत जन्मभर विज्ञान शिकवलेल्या चारुशीलाबाईंनी अशा पाच पाळल्या आणि पाचाच्या पुढे कधी गेल्या नाहीत. तो कायदा वकीलसाहेबांचा. त्यांच्या देवघरात पंचायतन होतं, पाच देव, सहावा नाही. "देवघरात पाच, कपाटात पाच," असा निकाल त्यांनी पहिल्याच वर्षी देऊन टाकला, आणि या निकालावर अपील चालत नाही हेही बजावलं. त्यामुळे बाईंच्या मनात जाती पन्नास असल्या तरी कपाटात जागा पाचच राहिली, आणि निवडण्याची विद्या त्यांना शिकावीच लागली.

ती विद्या त्या लोकांनाही शिकवत. परतवाडा, मूर्तिजापूर, वाशीम, कुठून कुठून हौशी पोरापोरींचे फोन यायचे. "मॅडम, मले निळी पायजे." बाई म्हणायच्या, "रंग मागाहून. आधी सांग, मे महिन्यात तुझ्या घरात किती तापतं? लाईट किती वेळ जाते? तू लग्नाला गावी गेलास तर हिला पाणी कोण ठेवणार?" स्थळ बघताना जुनी माणसं मुलाच्या रूपाआधी घरची विहीर बघायची, त्यातला प्रकार. देखणी म्हणून घेऊ नका, स्वभावानं शांत घ्या. नर घेऊ नका, वयात आला की वर्ष-दीड वर्षात जातो. मादी वीस-वीस वर्षं साथ करते. हे ऐकून पेपरमागून रविकांतराव हमखास म्हणायचे, "बाप्या मानसाची किंमत सगळीकडे सारखीच दिसते." एकानं मेळघाटातून पकडून आणतो म्हटलं, त्याला बाईंनी असं झापलं की त्यानं पुन्हा फोन केला नाही. आणि प्रत्येकाला शेवटी एकच वाक्य सांगायच्या: "तुला कोण आवडते ते मला सांगू नकोस. तुझ्या घरात कोण सुखानं जगेल, तेवढं सांग."

दुसऱ्याला सांगायला हे फार सोपं आहे.

या वर्षी चैत्रात हाच प्रश्न बाईंच्या स्वतःच्या अंगावर आला. गुडघे गेले होते, एकटीनं घर चालवणं होईना, आणि अकोल्याला गोरक्षण रोडवर राहणारा मुलगा गौरांग काही केल्या ऐकेना. सून निधी गुणाची. तिनं कातिणींना नाही म्हटलं नाही. "आई, दोन आणा," ती म्हणाली. "गॅलरीजवळची छोटी खोली तुमची. पण पाच नको हो, घरात लहान पोर आहे." तिचं काही चूक नव्हतं. उरलेल्या तिघी वर्षालीकडे जाणार होत्या. वर्षाली बाईंची जुनी विद्यार्थिनी, कौंडण्यपूरकडच्या शेतकरी घरातली. आता बडनेरा रोडवर तिची रोपवाटिका होती, आणि बियाणं ठेवायला बांधलेली जाड भिंतींची, भर उन्हातही गार राहणारी खोली.

पाचांतल्या कोणत्या दोन न्यायच्या, एवढाच प्रश्न. पण तो बाईंना महिनाभर झोपू देईना.

पाचही जणींची नावं रविकांतरावांनी ठेवलेली. लाल गुडघ्यांची, मेक्सिकोकडची, ती माणिकबाई. या नावाची त्यांची एक अशील होती, तीसुद्धा अशीच ठसक्यात चालायची म्हणे. निळ्या पायांची, चपळ, रात्रीतून सगळा डबा जाळ्यानं भरून टाकणारी ती दामिनी. ब्राझीलची काळीशार भागीरथा. झाडाच्या फांदीवर राहणारी, गुलाबी बोटांची सीमा. ज्यांची सरकारात नोंद लागते त्यांची नोंद वकीलसाहेबांनी स्वतः करून ठेवली होती, तेव्हा त्या बाबतीत घोर नव्हता.

आणि पाचवी, खरं तर पहिली, वच्छला. चिली देशातली, अंगावर फिकट गुलाबी झाक असलेली, बावीस वर्षांपूर्वी पुण्याच्या एका पाळणाऱ्याकडून आलेली. रविकांतरावांना वच्छला नावाची आत्या होती. ती खायची थोडं, बोलायची त्याहून थोडं, पण कोपऱ्यात बसून सगळ्या घराला धाकात ठेवायची. डब्याच्या कोपऱ्यात दबा धरून बसलेली ही गुलाबी बया पाहिल्यावर त्यांनी हात जोडले आणि म्हणाले, "या आत्या." ही वच्छलाही महिनोन् महिने अन्नाला शिवत नसे. ही जातच तशी उपाशी. बाई काळजी करायच्या. रविकांतराव म्हणायचे, "चातुर्मास धरला तिनं. तुले नाही जमत, तिले जमते. काहून जळतं तिच्यावर?"

आता हे सगळं वाचून वकीलसाहेब मोठे धीट होते असं वाटेल. अजिबात नाही. त्यांना कोळ्याची भीती होती, खरीखुरी, घाम फोडणारी. लग्नानंतर दोघं मेळघाटात, सेमाडोहला गेली होती. तिथे तिन्हीसांजेला वनरक्षकानं सागाच्या ढोलीत बसलेली एक कातीण दाखवली. नवी नवरी गुडघ्यांवर बसून बघत राहिली, आणि नवरदेव तोंड दुसरीकडे करून टॉर्च धरून उभा. टॉर्चचा झोत लटलट कापत होता, पण त्यानं टॉर्च खाली केला नाही. "मला अशी एक घरी हवी," ती म्हणाली. "जंगलातलं जंगलात," तो म्हणाला, "दुसरीकडून आन." पुढे वीस वर्षांनी आणली, तर तेव्हा नाही म्हणता येईना. शब्द दिला होता ना.

मग ते त्यांच्याशी राहिले कसे? तर उन्हामुळे. अमरावतीचं ऊन ज्यानं खाल्लं त्यालाच हे कळेल. पारा पंचेचाळीसवर गेला की कातिणी जगत नाहीत, म्हणून बाईंनी घरातला एकमेव मोठा कूलर, वाळ्याच्या ताट्यांचा, त्या खोलीला लावला. बाकी घर तव्यासारखं. दोन दुपारी रविकांतरावांनी मानीपणानं ओसरीवर काढल्या. तिसऱ्या दुपारी उशी काखेत मारून आले, कपाटाकडे पाठ केली आणि खाटेवर आडवे झाले. पुढल्या उन्हाळ्यात पाठ उरली नाही, कूस झाली. त्याच्या पुढल्या उन्हाळ्यात ते कूलरमध्ये बादल्यांनी पाणी भरताना कपाटाशी गप्पा मारायला लागले. "काय भागीरथाबाई, तारीख पडली का?" नळाला चार दिवसांआड पाणी यायचं, तरी आपल्या आंघोळीतली एक बादली वाचवून ते कूलरला घालायचे. वाळ्याचा तो ओला वास, पंख्याची घरघर, खाटेवर धोतराच्या सोग्यानं तोंड झाकून घोरणारा नवरा आणि भिंतीशी पाच डबे. चारुशीलाबाईंना सुख म्हटलं की अजूनही हेच आठवतं. दुसरं काही आठवत नाही.

दोन हजार एकवीसच्या फेब्रुवारीत अमरावतीत करोना पुन्हा उसळला आणि त्यात रविकांतराव गेले.

तेव्हापासून बाईंच्या मनात एक काटा होता. आपण या माणसावर आपली हौस लादली का? बिचारा भीत होता, उन्हाला कंटाळून आला, आणि बायकोचं मन राखायला हसत राहिला. कधी विचारलं नाही, आणि आता विचारायची सोय नव्हती.

तर निवड. आशाबाईंना, म्हणजे वीस वर्षं या घरी भांडी घासणाऱ्या बाईंना, यात काही कोडंच दिसत नव्हतं. "वच्छलाले न्या अन् माणिकबाईले न्या. बाकीच्या पोरी वर्षालीताईच्या घरी नांदतीन." बाईंच्याही मनात वच्छलाच होती. पण सवय वाईट. त्या एका दुपारी बसनं अकोल्याला गेल्या, पर्समधून थर्मामीटर काढला आणि छोट्या खोलीत टांगला. पश्चिमेची भिंत, वरचा मजला. अडतीस. गौरांगच्या शेजारचे गृहस्थ कौतुकानं बघत होते. "आमच्या अकोल्याचं ऊन आहे मॅडम, तुमच्या अमरावतीसारखं मवाळ नाही." अमरावती आणि अकोल्याची ही जुनी चढाओढ, कुठे जास्त तापतं याची. एरवी बाईंनी आकडे काढून भांडण केलं असतं. त्या दिवशी थर्मामीटरचा आकडा पुन्हा एकदा वाचला.

"एसी लावू ना," गौरांग म्हणाला.

"आणि लाईट गेली की?"

दुपारी लाईट जाते हे त्यालाही माहीत होतं.

वच्छलेची जात चिलीच्या किनाऱ्याकडची. कोरडी, पण गार हवा सोसणारी. उन्हाची नव्हे. इथे वाळ्याच्या कूलरवर, आधी दोघांच्या आणि मग एकटीच्या राखणीत तिनं बावीस उन्हाळे काढले ते नशीब. कोरड्या उष्म्यात निभावून नेणाऱ्या दोघीच, माणिकबाई आणि दामिनी. उत्तर त्याच दुपारी थर्मामीटरनं दिलं होतं. बाईंनी ते महिनाभर ऐकलं नाही. ओल्या गोणपाटाचे पडदे लावले तर? मातीच्या मोठ्या माठात डबा ठेवला तर? उन्हाळ्यापुरती वर्षालीकडे आणि पावसाळ्यात परत, असं केलं तर? पण म्हाताऱ्या कातिणीला दर वर्षी शंभर किलोमीटर हिंदकळत नेणं म्हणजे मायेच्या नावाखाली जीव घेणं. दुसऱ्या कुणी असं विचारलं असतं तर बाईंनी त्याची खरडपट्टी काढली असती. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. त्या स्वतःवरच चिडल्या.

जायच्या दिवशी गौरांग सकाळीच गाडी घेऊन आला. सामान आदल्या दिवशी टेम्पोनं गेलं होतं. भागीरथा आणि सीमा वर्षालीकडे पोचल्या होत्या. खोलीत उरले होते तीन डबे आणि खाट. वर्षाली तिसरा डबा न्यायला यायची होती. तो कोणाचा, हे बाईंनी तिला अजून सांगितलं नव्हतं.

गौरांगनं येताना थर्माकोलची पेटी आणली होती, आत गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या कापडात गुंडाळून. "ही वच्छलासाठी," तो म्हणाला. "माणिकबाई राहू दे. वच्छला आपल्यासोबत चालली पाहिजे. आई, तुला एक सांगायचं आहे. बाबांनी शपथ घातली होती म्हणून आजवर बोललो नाही."

तो वडिलांच्या खाटेवर बसला आणि हसायलाच लागला.

"पोरगी झाली तो दिवस आठवतो? तू आत निधीजवळ होतीस, मी दवाखान्याच्या पायरीवर. बाबांचा फोन आला. रडून राहिले होते. म्हणे, गौरांग, वच्छला गेली रे. उताणी पडली, पाय वर. तुझ्या मायले कोणत्या तोंडानं सांगू?"

बाई बघतच राहिल्या. कातीण उताणी पडते ती कात टाकायला, मरायला नव्हे. हे पाळणाऱ्याचं पोरसुद्धा सांगेल. पण कात टाकायची वेळ आली की बाई डब्यावर फडकं टाकून ठेवत, आणि रविकांतराव तिकडे फिरकत नसत. त्यामुळे एवढी वर्षं एका खोलीत राहून त्यांनी ते कधी पाहिलंच नव्हतं.

"मग आंघोळ केली म्हणे," गौरांग पुढे सांगू लागला. "सोवळं नेसले. झाकण काढलं स्वतःच्या हातानं. तुळशीचं पान ठेवलं, गंगाजलाचे दोन थेंब टाकले. आणि समोर पाट मांडून गीतेचा पंधरावा अध्याय म्हणायला बसले. अर्ध्यावर आले अन् तिनं पाय हलवला."

"अरे देवा," बाई म्हणाल्या.

"घाबरले, पण उठले नाहीत. अध्याय अर्धा सोडता येत नाही ना. पुरा केला. आणि मग दुसरा फोन मला. आता ओरडून राहिले होते. गौरांग, जिती आहे! एकीच्या दोन झाल्या! तिकडे तुले झाली, इकडे इले झाली!"

टाकलेली कात हुबेहूब दुसरी कातीण दिसते. बाई हसता हसता खाटेच्या पायथ्याशी टेकल्या. मग त्यांना आठवलं. अकोल्याहून परतल्यावर डब्यात वाळलेलं तुळशीचं पान सापडलं होतं. आशाबाईंनी काही उतारा-बितारा केला असं समजून त्यांनी तिला फैलावर घेतलं होतं. "मी काहून टाकू तुळस तिच्या मढ्यावर?" आशाबाई फणकारली होती. आणि रविकांतराव पेपर तोंडापुढे धरून, एकाच पानावर अर्धा तास.

"स्वतः झाकण काढलं?" बाईंनी पुन्हा विचारलं.

"स्वतः. रामराम म्हणत म्हणत, पण काढलं."

बाई हसायच्या थांबल्या. मनातला काटा निघाला होता. माणूस बायकोची हौस सांभाळायला हसून दाखवेल, कूलरमध्ये पाणीही भरेल. पण बायको गावाला गेलेली असताना, बघायला कुणी नसताना, जन्माची भीती बाजूला ठेवून कुणी कातिणीच्या उशाशी तुळस ठेवत नाही. ती त्यांची होती. वच्छला त्यांचीच होती.

त्यांनी डबा उचलला आणि थर्माकोलच्या पेटीत ठेवला. पेटी गार होती, डबा बरोबर बसला. गौरांगनं माप घेऊनच आणली असणार. वच्छला कोपऱ्यात दबून होती, नेहमीसारखी. बाईंनी झाकणावर हात ठेवला. गौरांगला वाटलं, झालं, ठरलं. तो दामिनीचा डबा गाडीत ठेवून आला.

परत येतो तो वच्छलेचा डबा पेटीबाहेर होता आणि त्याच्या जागी माणिकबाई.

"आई?"

"मला ती हवी आहे," बाई म्हणाल्या. "फार हवी आहे. पण ते विचारायचं नसतं, बाळा. ती अकोल्यात दोन महिनेही काढणार नाही. वर्षालीच्या खोलीत आणखी पाच वर्षंसुद्धा राहील कदाचित. मग काय करू?"

"बाबांची आठवण म्हणून तरी..."

"आठवणीसाठी तिचा जीव घेऊ?"

फाटकात वर्षालीची गाडी वाजली. ती नवऱ्याला घेऊन आली होती, म्हणजे जाताना डबा मांडीवर घेऊन बसता येईल. आत येऊन तिनं वच्छलेचा डबा पाहिला, बाईंचा चेहरा पाहिला आणि ती एकदम हळू आवाजात बोलली. "मॅडम, ही? इले देऊन राहिल्या तुमी?"

"हो. पाण्याची वाटी कधी कोरडी ठेवू नकोस. खाल्लं नाही तर मागे लागू नकोस. उताणी दिसली तर हात लावू नकोस."

"मी पोचवतो फाटकापर्यंत, दे," गौरांग म्हणाला आणि त्यानं हात पुढे केला.

"नाही," बाई म्हणाल्या. "मी नेते."

दुखऱ्या गुडघ्यांनी ओसरीच्या पायऱ्या उतरायला त्यांना वेळ लागला. दोन्ही हातांत डबा असल्यामुळे कठड्याला धरता येत नव्हतं, म्हणून आशाबाई पाठीमागून कोपर धरून चालली. चार वर्षांपूर्वी रविकांतरावांना न्यायला दवाखान्याची गाडी आली तेव्हा बाईही तापानं फणफणलेल्या होत्या. निळ्या प्लास्टिकच्या कपड्यांतल्या माणसानं त्यांना दाराबाहेर पाऊल टाकू दिलं नव्हतं. खिडकीतून त्यांना फक्त स्ट्रेचरचं टोक आणि नवऱ्याचे पाय दिसले होते. काय बोलायचं राहिलं, ते राहिलंच. नंतर एक फोन आला, आणि मग सगळं दुसऱ्यांनीच उरकलं. घरातून कायमचं निघालेल्या माणसाला फाटकापर्यंत पोचवायचं असतं, एवढंही त्यांना मिळालं नव्हतं.

वर्षाली गाडीत बसली. बाईंनी वाकून डबा तिच्या मांडीवर ठेवला, झाकण एकदा नीट बघितलं, आणि डब्यावरून हात फिरवला.

"नीट जा," त्या म्हणाल्या. "सांभाळून राहा. इकडची काळजी करू नका."

वच्छलेला त्या कधी अहो-जाहो करत नसत. हे आशाबाईच्या लक्षात आलं आणि तिनं पदर तोंडाला लावला. गाडी वळून दिसेनाशी झाली. चारुशीलाबाई फाटकाची कडी धरून, अख्ख्या गल्लीदेखत, चार वर्षांत पहिल्यांदा मोठ्यानं रडल्या. गौरांग त्यांच्याजवळ उभा राहिला. अकोल्याला निघायची त्यानं घाई केली नाही.